शांतिसेना परत आणताना

1 जून 1989 रोजी श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष रणसिंघे प्रेमदासा यांनी जाहीर भाषणात सांगून टाकलं की भारताच्या शांतिसेनेनं 29 जुलैपर्यंत आमचा देश सोडावा. तारीख त्यांनी मुद्दाम निवडली होती. त्या दिवशी भारत-श्रीलंका कराराला दोन वर्षं पूर्ण होत होती. हातात उरले होते अठ्ठावन्न दिवस, आणि बेटाच्या उत्तरेत आणि पूर्वेत भारताच्या चार डिव्हिजन पसरलेल्या होत्या. जाफन्यात 54 वी, त्रिंकोमालीत 36 वी, बट्टिकलोआत 57 वी आणि वावुनियात 4 थी.

सैन्य परत आणावं की नाही, हा प्रश्न चहाच्या टपरीवर दोन वाक्यांत सुटतो. एक जण म्हणतो, परक्याच्या भांडणात आपली पोरं कशाला मरायची? दुसरा म्हणतो, इतकी माणसं गमावून आता शेपूट घालायचं का? सरकारच्या टेबलावर मात्र हा प्रश्न असा येत नाही. आपण कोणाच्या बोलावण्यावरून गेलो होतो, परत बोलावण्याचा अधिकार कोणाकडे आहे, निघताना चाव्या कोणाच्या हाती द्यायच्या, जहाजं किती आणि बंदर कोणतं, असे त्याचे तुकडे पडतात. श्रीलंकेच्या प्रकरणात हे सगळे तुकडे सुटे सुटे पाहता येतात, म्हणून तेच उदाहरण घेऊ.

सुरुवात कागदापासून करावी लागते. 29 जुलै 1987 रोजी कोलंबोत पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष जे. आर. जयवर्धने यांनी करारावर सह्या केल्या. श्रीलंकेचं लष्कर बराकीत परतेल, तमिळ संघटना शस्त्रं खाली ठेवतील, उत्तर आणि पूर्व प्रांत तात्पुरते जोडले जातील, तिथे निवडून आलेली प्रांतिक परिषद येईल, असा त्याचा गाभा. भारतीय सैन्याचा उल्लेख होता तो जोडपत्राच्या सहाव्या कलमात. युद्धबंदीची हमी देण्यासाठी आणि ती अमलात आणण्यासाठी गरज पडल्यास श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष भारतीय शांतिदलाला निमंत्रण देऊ शकतील, एवढाच त्याचा मथितार्थ. निमंत्रण कोण देईल हे लिहिलं होतं. किती काळासाठी, काम संपलं हे कोण ठरवणार, दोघांचं पटलं नाही तर काय, यावर एक ओळही नव्हती. पुढच्या पावणेतीन वर्षांची डोकेदुखी या न लिहिलेल्या ओळीत आहे, असं माझं मत आहे.

आपल्याकडे सैन्य परदेशात पाठवण्यासाठी संसदेच्या मतदानाची गरज नसते. सेनादलांचं सर्वोच्च आधिपत्य राष्ट्रपतींकडे, निर्णय मंत्रिमंडळाचा. युद्ध, शांतता आणि परराष्ट्रांशी करार हे विषय केंद्राच्या सूचीत. संसद प्रश्न विचारू शकते, अर्थसंकल्पावर बोलू शकते, सरकार पाडू शकते. पण तारीख घालून ‘या दिवशी परत आणा’ असं सांगण्याची ठरलेली वाट नाही. अमेरिकेत व्हिएतनामच्या चटक्यानंतर 1973 मध्ये निक्सन यांचा नकाराधिकार ओलांडून कायदा झाला, की संसदेच्या मंजुरीशिवाय राष्ट्राध्यक्षांना साठ दिवसांपलीकडे लढाई चालवता येणार नाही. त्या कायद्यातून पळवाटा काढल्या गेल्या, तरी निदान वादाला धरायला एक खुंटी असते. 1987 मध्ये दिल्लीत तीही नव्हती. जाण्याचा निर्णय मूठभर माणसांनी घेतला आणि परतण्याचा वाद दोन सरकारांच्या पत्रव्यवहारात अडकला.

आता मधला भाग, जो बहुतेकांना थोडाफार माहीत असतो. पहिल्या तुकड्या जाफन्याजवळच्या पलाली धावपट्टीवर उतरल्या तेव्हा तमिळ लोकांनी हारतुरे घातले. तामिळनाडूत ज्या बंडखोरांना भारताच्याच यंत्रणांनी प्रशिक्षण दिलं, त्यांची शस्त्रं आता भारतीय लष्करानं जमा करून घ्यायची होती. एलटीटीई या तमिळ बंडखोर संघटनेनं 5 ऑगस्टला थोडी शस्त्रं दिल्यासारखं केलं. सप्टेंबरअखेर तिलीपन हा त्यांचा कार्यकर्ता उपोषणात गेला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला समुद्रात पकडलेल्या एलटीटीईच्या सतरा जणांना कोलंबोला नेण्याचा श्रीलंका सरकारनं हट्ट धरला, त्यांनी पलालीतच सायनाईड घेतलं, बारा जण मेले. आठवड्याच्या आत भारतीय सैन्य ज्यांचं रक्षण करायला गेलं होतं त्यांच्याच गल्ल्यांत लढत होतं.

या लढाईची, म्हणजे ‘ऑपरेशन पवन’ची, पहिली रात्र इथे जवळून पाहायला हवी, कारण परतण्याची मागणी खरी तिथेच जन्मली. 11 ऑक्टोबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास जाफना विद्यापीठाच्या मैदानावर हेलिकॉप्टरमधून पॅरा कमांडो आणि 13 शीख लाइट इन्फंट्रीचे जवान उतरवायचे आणि एलटीटीईचं नेतृत्व उचलायचं, असा बेत होता. शत्रूला तो आधीच कळला होता. हेलिकॉप्टरवर इतका मारा झाला की पुढच्या फेऱ्या थांबवाव्या लागल्या. शीख पलटणीचे तीस जण तेवढे उतरले होते. मागून कोणी आलं नाही. सकाळपर्यंत लढून एकोणतीस पडले, एक जिवंत हाती लागला. जाफना शहर घ्यायला त्यानंतर दोन आठवडे लागले. रस्त्यांत पेरलेले सुरुंग, नारळी-ताडाच्या बागांतून होणारा गोळीबार, एलटीटीईच्या हातात एके-47 आणि आपल्या जवानांच्या खांद्यावर जुन्या एसएलआर रायफली.

या लढाईत मराठा लाइट इन्फंट्री आणि महार रेजिमेंटच्या पलटणीही होत्या. 8 महारचे मेजर रामस्वामी परमेश्वरन हे मुंबईत जन्मलेले, इथेच शिकलेले. 25 नोव्हेंबर 1987 च्या रात्री शोधमोहिमेवरून परतताना त्यांची तुकडी सापळ्यात सापडली. त्यांनी हल्लेखोरांना मागून घेरलं, छातीत गोळी लागल्यावरही समोरच्याची रायफल हिसकावून त्याला मारलं आणि ते पडले. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळालं. या मोहिमेतलं ते एकमेव.

या लढाईला घरचं कोणीच नव्हतं. सिंहली दक्षिणेत जनता विमुक्ती पेरमुना या डाव्या संघटनेनं ‘भारतीय फौज चालती व्हा’ म्हणून बंड पेटवलं, भारतीय मालावर बहिष्कार घातला. उत्तरेत तमिळ कुटुंबं झडतीच्या, मारहाणीच्या, गोळीबाराच्या कहाण्या सांगत होती. जाफना रुग्णालयात ऑक्टोबर 1987 मध्ये डॉक्टर, परिचारिका आणि रुग्ण मारले गेल्याचा ठपका आजही शांतिसेनेवर आहे. आणि भारतात, विशेषतः मद्रासमध्ये, आपलं सैन्य तमिळांना मारतं आहे ही भावना मूळ धरत होती. साडेअकराशेहून अधिक भारतीय जवान या मोहिमेत गेले.

तेव्हा 1989 च्या जूनमध्ये प्रेमदासांनी ‘निघा’ म्हटलं, तर निघायचं होतंच की. मग घोडं कुठे अडलं?

राजीव गांधींचं म्हणणं थोडक्यात असं: निमंत्रण एकट्या राष्ट्राध्यक्षांच्या मर्जीचं नव्हतं, ते दोन देशांच्या कराराचा भाग होतं. करारात तमिळ प्रांताला अधिकार देण्याचं वचन आहे. ते पुरं होण्याचं वेळापत्रक आणि सैन्य परतण्याचं वेळापत्रक एकमेकांना बांधलेलं असलं पाहिजे. एकीकडून सैन्य काढलं आणि दुसरीकडून अधिकार आलेच नाहीत, तर हमी कसली? प्रेमदासांचं उत्तर सरळ होतं: मी या देशाचा निवडून आलेला प्रमुख आहे, परक्या सैन्याला जा म्हणण्याचा हक्क माझा. जून-जुलैभर दोघांमध्ये पत्रं गेली-आली.

दोन्ही बाजूंत दम आहे, पण कायद्याच्या आणि व्यवहाराच्या कसोटीवर प्रेमदासांची बाजू जड होती असंच म्हणावं लागतं. निमंत्रणावरून आलेलं सैन्य, यजमानानं नको म्हटल्यावर तिथेच थांबलं, की त्याची ओळख बदलते. राजीव गांधींनाही हे कळत असणार. त्यांचा खरा उद्देश वेळ मिळवणं आणि तोंड राखणं हा होता, आणि तो काहीसा साधलाही. 29 जुलैला त्रिंकोमालीहून सुमारे सहाशे जवानांची एक तुकडी निघाली. प्रेमदासांना तारीख मिळाली, दिल्लीला मुदत. 18 सप्टेंबरला कोलंबोत समझोता झाला: 20 सप्टेंबरपासून शांतिसेना आपणहून कारवाया थांबवेल आणि वर्षअखेरपर्यंत परतण्याचा सर्वतोपरी प्रयत्न होईल. तमिळांच्या सुरक्षेसाठी समन्वय समिती, शांतता समिती वगैरे कागदावर आलं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. परक्या देशातल्या सैन्याचं वजन त्याच्या बंदुकांइतकंच ते किती दिवस राहणार आहे यावर असतं. गावातला माणूस सुरुंग कुठे पुरलाय हे सांगतो ते उद्याही तुम्ही चौकीवर असाल या भरवशावर. तुमच्या जाण्याची तारीख पेपरात छापून आली, की तो गप्प बसतो. तुमच्यानंतर कोण येणार आहे हे त्याला तुमच्याआधी ठाऊक असतं. शत्रूला लढायची गरज उरत नाही. तो दारूगोळा वाचवतो, माणसं लपवतो, कॅलेंडर पाहतो. आणि तुमचे स्थानिक मित्र घाबरून भलतंसलतं करायला लागतात.

एलटीटीईनं तेच केलं. मे 1989 पासून त्यांचे प्रतिनिधी कोलंबोत प्रेमदासांच्या माणसांशी बोलत होते आणि जूनमध्ये दोघांत युद्धबंदीही झाली. एकमेकांचा खातमा करायला टपलेल्या दोन पक्षांना भारतानं एकत्र आणलं, हा या प्रकरणातला सगळ्यात कडवट विनोद. भारतीय फौजेशी लढण्यासाठी श्रीलंका सरकारनं एलटीटीईला शस्त्रंही पुरवली, हे पुढे उघड झालं.

मित्रांचं काय? नोव्हेंबर 1988 च्या प्रांतिक निवडणुकीनंतर वरदराज पेरुमाळ हे ईपीआरएलएफ पक्षाचे नेते उत्तर-पूर्व प्रांताचे मुख्यमंत्री झाले होते. त्यांच्याकडे ना पोलीस होते, ना तिजोरी. शांतिसेना होती म्हणून ते खुर्चीवर होते. आपण गेल्यावर त्यांनी तग धरावा म्हणून घाईघाईनं ‘तमिळ नॅशनल आर्मी’ उभी करण्यात आली. पोरं रस्त्यावरून, घरांतून जबरदस्तीनं उचलली गेली, त्यांना थोडं कवायतीचं शिक्षण आणि भारताकडून आलेली शस्त्रं मिळाली. शांतिसेना ज्या जिल्ह्यातून हटे तिथे एलटीटीई येई आणि ही फौज पत्त्याच्या बंगल्यासारखी कोसळे. शस्त्रं एलटीटीईच्या हाती पडत. परतण्याच्या साऱ्या प्रकरणात भारतानं केलेली सर्वांत वाईट गोष्ट मी हीच मानतो. ज्या आयांची मुलं अशी उचलली गेली, त्यांच्या दृष्टीनं शांतिसेना जाता जाताही एक घाव देऊन गेली.

प्रत्यक्ष निघण्याचं काम लष्कराच्या पुस्तकात सर्वांत अवघड हालचालींपैकी मानतात, आणि का ते पाहण्यासारखं आहे. चढाईत रोज तुमची ताकद पुढे सरकते. निघताना रोज ती कमी होत जाते, आणि धोका मात्र तेवढाच राहतो. म्हणून आधी जातात ते कमी लागणारे: कचेऱ्या, दुरुस्तीच्या तुकड्या, साठे, अवजड सामान. श्रीलंकेत रणगाडे, चिलखती गाड्या, तोफा होत्या. त्या समुद्रमार्गेच नेता येतात, त्यासाठी जहाजाचं दार किनाऱ्याला लावावं लागतं किंवा धड धक्का तरी हवा. दारूगोळ्याचा हिशेब वेगळा: आणलेली प्रत्येक पेटी परत न्यायची, कोणाला तरी द्यायची नाहीतर नष्ट करायची, मागे राहिलेली पेटी उद्या कोणाच्या तरी पायाखाली फुटते. पायदळाच्या पलटणी शेवटपर्यंत थांबतात, कारण चौक्या त्याच धरतात आणि बंदराकडे जाणारा रस्ता त्यांनीच सुरुंगांपासून मोकळा ठेवायचा असतो. प्रत्येक चौकी सोडताना शेजारच्या चौकीचं अंतर वाढतं. शेवटची तुकडी सगळ्यात लहान असते आणि तिच्या मागे कोणीच नसतं.

जिल्ह्यांचा क्रमही भूगोलानं ठरवला. पूर्वेचा अंपारा आधी रिकामा झाला, मग बाकीचे भाग, आणि शेवटपर्यंत धरून ठेवलं ते त्रिंकोमाली. जगातल्या उत्तम नैसर्गिक बंदरांपैकी ते एक. मोठी जहाजं आत येऊ शकतात आणि भोवतालच्या टेकड्या ताब्यात असल्या तर थोड्या माणसांनिशीही ते राखता येतं. शिवाय ते परकीय सत्तांच्या हाती जाऊ नये, हा 1987 च्या करारामागचा एक हेतूच होता.

दरम्यान दिल्लीत सरकार बदललं. नोव्हेंबर 1989 च्या निवडणुकीत राजीव गांधींचा पक्ष हरला, 2 डिसेंबरला व्ही. पी. सिंग पंतप्रधान झाले. नव्या सरकारला जुन्या कराराचा अभिमान बाळगायचा नव्हता. लोकशाहीत वादग्रस्त युद्ध संपतं ते बऱ्याचदा असं: ज्यानं सैन्य पाठवलं त्याला मागे हटणं जड जातं, पुढच्याला सोपं. त्यांनी 31 मार्च 1990 ही अखेरची तारीख दिली आणि त्याच्या आठवडाभर आधी, 24 मार्चला, शेवटची तुकडी लेफ्टनंट जनरल ए. एस. कालकट यांच्या नेतृत्वाखाली त्रिंकोमालीहून निघाली. पेरुमाळ यांनी 1 मार्चला स्वतंत्र ईलमची, म्हणजे तमिळ देशाची, हताश घोषणा करून टाकली होती. मग तेही भारतात आले. मद्रासच्या धक्क्यावर जवानांच्या स्वागताला मुख्यमंत्री करुणानिधी आले नाहीत. तमिळांवर हत्यार उचललेल्या सैन्याचं स्वागत आपण करणार नाही, ही त्यांची भूमिका होती. आदेश पाळून परत आलेल्या जवानाच्या गळ्यात राजकारण्यांच्या निर्णयाचं माप घालणं मला आजही पटत नाही.

याच सुमारास दुसरी एक माघार झाली होती, ती शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहे. सोव्हिएत संघानं अफगाणिस्तानातून बाहेर पडण्यासाठी 14 एप्रिल 1988 रोजी जिनिव्हात करार करवून घेतला. 15 मेपासून सुरुवात, निम्मं सैन्य तीन महिन्यांत, सगळं नऊ महिन्यांत, असं त्यात लिहिलेलं होतं आणि तसंच झालं. 15 फेब्रुवारी 1989 ला जनरल ग्रोमोव्ह यांनी तेर्मेझचा पूल ओलांडला. मागे ठेवलेलं नजीबुल्ला यांचं सरकार काही महिन्यांत पडेल असं पाश्चात्त्य देशांत मानत होते. ते एप्रिल 1992 पर्यंत टिकलं, कारण सैन्य गेलं तरी पैसा, धान्य, इंधन आणि शस्त्रं येत राहिली. ती बंद झाली 1992 च्या आरंभी, सोव्हिएत संघच उरला नाही तेव्हा. पेरुमाळ यांच्यामागे असं काहीच नव्हतं. त्यांना पैसा देणार कोण आणि कोणत्या वाटेनं? त्यांच्या प्रांताचं सार्वभौम सरकार कोलंबोत बसलं होतं आणि ते एलटीटीईशी बोलत होतं.

माघारीनंतर काय झालं, यावरून माघार बरोबर की चूक हे ठरवण्याचा मोह होतो. घटना तर बोलक्या आहेत. जून 1990 मध्ये एलटीटीईनं पूर्वेत शरण आलेल्या शेकडो पोलिसांना मारलं आणि प्रेमदासांशी केलेली दोस्ती संपली. त्याच महिन्यात मद्रासमध्ये ईपीआरएलएफचे नेते पद्मनाभा यांची हत्या झाली. 21 मे 1991 ला श्रीपेरुम्बुदूर इथे राजीव गांधी, 1 मे 1993 ला कोलंबोत प्रेमदासा. शांतिसेना थांबली असती तर हे टळलं असतं का? मला तसं वाटत नाही. 1989 पर्यंत भारतीय सैन्य ज्या समझोत्याची हमी देत होतं, तो ना सिंहली राजकारणाला हवा होता ना एलटीटीईला, आणि हमी द्यायलाही दोन पक्ष लागतात. आणखी दोन वर्षं थांबून आणखी काही शे जवान गेले असते. ‘इतक्यांचं बलिदान वाया जाईल’ हा युक्तिवाद ऐकायला भारदस्त वाटतो, पण त्यानं फक्त आकडा वाढतो. माझा आक्षेप माघारीवर नाही, तिच्या उशिरावर आणि पूर्वतयारीवर आहे. नोव्हेंबर 1988 च्या प्रांतिक निवडणुकीनंतर आपणहून वेळापत्रक जाहीर केलं असतं, तर ‘काम झालं, निघालो’ असं म्हणायची सोय होती. ती संधी सोडली आणि सात महिन्यांनी दुसऱ्यानं तारीख दिली.

करारातलं एक वचन मात्र कागदावर टिकलं. श्रीलंकेच्या राज्यघटनेतली तेरावी दुरुस्ती आणि प्रांतिक परिषदा आजही आहेत, जरी जमीन आणि पोलीस यांचे अधिकार प्रांतांना प्रत्यक्षात मिळाले नाहीत आणि जोडलेले उत्तर-पूर्व प्रांत 2006 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा वेगळे झाले. कोलंबोजवळ संसदेच्या परिसरात शांतिसेनेचं स्मारक श्रीलंकेनंच बांधलं.

दिल्लीनं धडा घेतला तो न बोलता. अमेरिकेनं इराकसाठी भारताकडे सैन्य मागितलं तेव्हा जुलै 2003 मध्ये वाजपेयी सरकारनं, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश असल्याखेरीज ते पाठवायला नकार दिला. आणि अलीकडे, मालदीवमध्ये ‘इंडिया आउट’ची मोहीम चालवलेल्या आघाडीचे मोहम्मद मुइज्जू राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी तिथल्या भारतीय लष्करी कर्मचाऱ्यांना जायला सांगितलं. संख्या शंभराच्या आत, काम दोन हेलिकॉप्टरं आणि एक डॉर्निअर विमान चालवण्याचं, बहुधा बेटांवरच्या रुग्णांना हलवण्याचं. 1989 च्या मानानं प्रकरण लहान होतं, पण ते हाताळण्याची पद्धत पाहा. निमंत्रणाच्या हक्कावर वाद घातला नाही, पत्रांची लढाई झाली नाही. दोन्ही देशांचा एक गट बसला आणि पायऱ्या ठरल्या: पहिली जागा 10 मार्च 2024 पर्यंत, उरलेल्या दोन 10 मेपर्यंत. गणवेशातली माणसं परत आली, त्यांच्या जागी भारतातूनच नागरी तंत्रज्ञ गेले, आणि हेलिकॉप्टरं जिथे होती तिथेच उडत राहिली.